कुलपाच्या आळीतली घरपट्टी

आक्कानं मदत केली. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढं भीतीचं सांगण्याच्या भरात तेच राहून जायचं. आक्का म्हणजे आमच्या गावाकडच्या घराच्या शेजारची बाई. नात्यानं आमची कुणी नाही. तिच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर, आमच्या कोनाड्यात खंडोबा. तुझं नाव लिहू का, असं मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, "नगं रं बाबा. नावापायीच येवढी भानगड झाली. नुसतं आक्का म्हन, बास."

तर आक्का.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. आटपाडी तालुक्यातलं आमचं गाव. आमच्याकडची निम्मी पोरं शाळा सोडली की गलाईला जातात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. आसाम म्हणू नका, केरळ म्हणू नका, भारतात कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या बोळात एक भट्टी असते आणि भट्टीपुढं आमच्याकडचा कुणीतरी घामानं निथळत बसलेला असतो. मी तमिळनाडूत सेलमला बसतो. शेट विट्याकडचे. खाली भट्टी, वर दोन खोल्या, त्यातल्या एकीत मी आणि आई.

आई आधी गावाकडं एकटीच राहायची. मग अंगणात पडली. खुब्याचं हाड जोडलं, पण पाय गेला तो गेलाच. भिंत धरून मोरीपर्यंत जाते, तेवढंच. जिना उतरणं तिला जमत नाही. म्हणून तिला सेलमला आणलं आणि घराला कुलूप लावलं.

आमची आळी गावठाणाच्या बाहेर, माळाच्या अंगाला. सगळी गलाईवाल्यांची घरं. काही तर दोन मजली, स्टीलचं फाटक, वर पत्र्याचा गरुड. आणि सगळ्यांना कुलपं. खंडोबाच्या जत्रेला चार दिवस माणसं येतात, फटाके उडवतात, परत जातात. गावातली माणसं तिला कुलपाची आळीच म्हणतात. बाराही महिने उघडं असतं ते एक आक्काचं घर. आमचं घर दोन खोल्यांचं, वडलांनी भट्टीपुढं जन्म घालवून बांधलेलं. ते गेल्यावर आईच्या नावावर झालं. "मला न्यायचं तर त्याच घरातनं न्यायचं," एवढंच आई मागते. त्यामुळं त्या घराचं काही झालं तर, या विचारानं मला झोप लागत नाही. मी मुळातच काळज्या. गॅस बंद केला का, हे दोनदा उठून बघणारा.

गेल्या मार्चात गावच्या ग्रुपवर पंचायतीचा मेसेज आला. घरपट्टी-पाणीपट्टी आता कशीही भरा : कार्यालयात रोख भरा, चेक द्या, क्यूआर स्कॅन करा, नाहीतर मोबाईलवर घर नंबर टाकून भरा. आधी आई स्वतः जाऊन रोख भरायची. म्हटलं, हे बरं झालं, इथं बसून भरता येईल. तरी मी तो मेसेज तीन-चारदा वाचला. लिंक खोटी असली तर? खात्यातलं सगळं गेलं तर? शेवटी एका सकाळी, भट्टी पेटवायच्या आधी, खंडोबाचं नाव घेतलं आणि घर नंबर टाकला.

स्क्रीनवर आईचं नाव आलं. खाली लिहिलं होतं, शेवटचा भरणा रोख, या मालमत्तेवर काहीही येणे बाकी नाही.

परत टाकला. परत तेच. दोन वर्षांची पट्टी तुंबलेली होती, मला पक्कं ठाऊक होतं. आई पडली त्या गडबडीत ती राहिली होती. आणि आता कुणीतरी भरून टाकली होती, तीही रोख.

शेटना दाखवलं. ते हसले. "लेका, घरपट्टी दुसऱ्यानं भरली म्हणून बोंब मारणारा तूच पहिला. कोण हाय त्यो धर्मात्मा? माझाबी नंबर दे त्याला."

"शेट, कोण भरील ओ आमची?"

मग त्यांचं हसू जरा कमी झालं. "ते मात्र बघ हां. आपल्याकडं म्हणत्यात, पावती ज्याच्या हातात, घर त्याचं. बंद घर हाय. कुणी बसला असंल जाऊन."

झालं. कुणी बसला असंल, एवढं एक वाक्य माझ्यासारख्याला पुरे. आळीत आक्काला विचारावं, तर तिचा नंबर तेव्हा माझ्याकडं नव्हता. मी बोळात जाऊन पंचायतीत फोन लावला. क्लार्कनं उचलला. मार्चची घाई, मागं माणसांचा गलका.

"आमच्या घराची पट्टी कोण भरून गेलं, साहेब?"

त्यानं घर नंबर विचारला, वही चाळली. मग म्हणाला, "तुमच्या आईच येऊन भरून गेल्या की. मंगळवारी."

"आई?"

"व्हय. आबाशाई लुगडं, डोक्यावरनं पदर. मी वळखतो की त्यास्नी. का ओ?"

 फोन त्यानंच ठेवला. आबाशाई म्हणजे आकाशी. आईचं तसलं एक लुगडं आहे, पण ते गावाकडच्या पेटीत राहिलं होतं.

वर गेलो. आई खिडकीत तांदूळ निवडत बसली होती. चष्मा बाजूला, सूप मांडीवर. रोजच्यासारखीच.

मी सहज विचारल्यासारखं केलं, "आई, घरपट्टीचं काय करायचं गं?"

"भरली की."

"कुणी?"

"मीच. जाऊन आले न्हवं का मंगळवारी." तिनं तांदळातला खडा काढून खिडकीबाहेर टाकला. "लय गर्दी हुती. चष्मा घरीच इसरले, तर त्यो पोरगा म्हणतोय कसा, मावशी, चष्मा कुठाय? म्हनलं, तुला काय करायचंय?"

 तसं आई मधनंच गावाकडचं बोलायची. 'आज नळाला पाणी उशिरा आलं', 'हौदाला शेवाळ धरलंय', असलं. डॉक्टर म्हणाले होते, वय झालं की असं होतं, वाद घालू नका. मी घालतही नव्हतो. पण हिच्या बोलण्याला आता तिकडनं, एवढ्या लांबनं, एक परका माणूस दुजोरा देत होता.

"आई, तू कशी जाशील? जिना उतरता येत नाही तुला."

ती माझ्याकडं बघून हसली, लहानपणी मी काही खुळ्यासारखं विचारलं की हसायची तसं. "तिकडं कुठं रं जिना हाय?"

शेटनी रजा दिली. आईला शेटाणीबाईंच्या हवाली केलं. बेंगळूरला गाडी बदलून मिरजेला उतरलो आणि एसटी धरली. विटा मागं पडलं की ऊस संपतो, माळ सुरू होतो, खिडकीतनं वारं नुसतं भाजतं. वाटभर मी मनात भांडणं करत होतो. घरात कोण असेल? चुलतभाऊ? कुणी परका? 'हे माझ्या आईचं घर आहे' हे वाक्य मी किती तऱ्हेनं म्हणून बघितलं, पण प्रत्येक वेळी समोरचा पावती पुढं करायचा आणि माझी बोलती बंद व्हायची. आणि त्याच्याही खाली दुसरी एक भीती होती, तिला मी तोंड वर काढू देत नव्हतो. चुलतभाऊ असला तर बरंच, असंही एकदा वाटून गेलं. निदान माणूस तरी असेल.

गावात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. लहानपणी आई या वेळेला आम्हाला माळाकडं जाऊ द्यायची नाही. दुपारची बाराची वेळ वाईट, म्हणायची. आळीत शिरलो तर चिटपाखरू नाही. फाटकांमागं फाटकं, त्यावर धुळीनं भरलेली कुलपं, कुणाच्या ओट्यावर वाळलेल्या पाल्याचा थर. माझ्याच चपलांचा आवाज मागनं कुणी चालत आल्यासारखा भिंतींवरनं परत येत होता. मी दोनदा वळून बघितलं.

आणि आमचं घर.

अंगण झाडलेलं. सडा टाकलेला, अजून ओला. तुळस हिरवीगार. दाराला कुलूप नाही. आणि दोरीवर आईचं आकाशी लुगडं वाळत घातलेलं, त्याच्या काठातनं थेंब थेंब पाणी पडत होतं.

मी फाटकापाशीच उभा राहिलो. आत जावं की पळावं, कळेना. एवढ्यात घरातनं भांड्याचा आवाज आला. आमच्या पितळी घागरीचा. ती खाली ठेवताना तिच्या चेपलेल्या बुडाचा जो आवाज होतो, तो मला झोपेतही ओळखू येईल. मग दारात एक बाई आली. अंगावर आईचं दुसरं लुगडं, हिरवं चौकड्याचं. पदर कपाळापर्यंत ओढलेला. उन्हामुळं आत नुसता अंधार दिसत होता आणि त्या अंधारात तिचा चेहरा काही दिसेना. ती आईसारखीच एक हात चौकटीला धरून उभी होती.

"आई?" माझ्या तोंडातनं गेलं.

"आलास व्हय रं?" ती म्हणाली.

मी मटकन खाली बसलो. तिथंच, फाटकाच्या बाहेर, धुळीत.

"आरं आरं! काय झालं? ऊन लागलं का काय!" बाई धावत आली, पदर मागं पडला, आणि ती आक्का होती.

तिनं मला हाताला धरून आत नेलं, गूळ-पाणी दिलं. मी पाणी पिता पिता तिच्याकडं बघतच होतो. अजून खात्री पटत नव्हती.

"आक्का, तू आईची लुगडी का नेसतीस गं?"

"मग काय करू? तुझी आय जाताना किल्ली दिऊन म्हनली, पेटीत ठेवलं की कसर लागती, तवा नेसत जा मधनं. आनि दुसरं आसं बघ..." तिनं दाराबाहेर बोट दाखवलं. "हिथं येताना मी तिचंच लुगडं नेसून येती. डोक्यावर पदर घ्यायचा, तिच्यासारकं दारात उभं ऱ्हायाचं, दोरीवर एक कापड ठेवायचं. रस्त्यानं जानाऱ्याला वाटाय पायजे, घरात बाई हाय. पल्याडचं घर बघ. कुनी न्हाई म्हनल्यावर नळाची तोटीसुदीक काढून नेली लोकांनी. तुमच्या घराचं कौल तरी हाललंय का?"

कोनाड्यात खंडोबापुढं दिवा लावलेला होता. मी तिकडं बघतोय हे तिनं बघितलं. "द्येवासाठी न्हाई हां. तुझ्या आयला शबुद दिलाय, म्हनून."

मी पट्टीचं विचारलं.

तिचं म्हणणं असं. पंचायतीची जीप स्पीकर लावून आली. ज्यांची पट्टी थकली त्यांचा नळ तोडणार आणि नावं चावडीपुढं वाचून दाखवणार, असं पुकारत गेली. "तुझ्या आयचं नाव चावडीपुढं? म्या ऐकून घ्यायचं? तुला फोन लावला तर कोन तरी बाई तिकडच्या भाषेत कडाकडा बोलली. म्या म्हनलं, बाई, मला त्याच्याशी बोलायचंय. ती ऐकंचना, आपलंच लावलंय."

मला त्याही अवस्थेत हसू आलं. भट्टीवर असलो की मी फोन बंद ठेवतो, आणि तो बंद असला की तिकडं तमिळमधली रेकॉर्ड वाजते. आक्का त्या रेकॉर्डशी भांडली होती. पण मग पैसे कुठले घातले, असं विचारलं तर त्याचं उत्तर तिनं आजतागायत दिलेलं नाही.

"मग तुझ्या नावानं भरायची ना आक्का. आईसारखी नटून कशाला गेलीस?"

ती दाराशी टेकून बसली. मग सावकाश म्हणाली, "माझं म्हायेर पाटनच्या वर, डोंगरात. बा गेला, घर बंद पडलं. एका भावकीतल्यानं वरसंवरसं घरपट्टी भरली. आमाला वाटलं, किती ग्वाड मानूस. मग एक दिस पावत्या घिऊन दारात बसला. घर माजं म्हनला. आमी बायका, कोन भांडनार? त्या दारात मी परत पाय न्हाई ठिवला." तिनं पदराच्या टोकाशी चाळा केला. "तवा म्या ठरवलं, तुमच्या घराच्या पावतीला माझा वाससुदीक लागाय नको. उद्या मी मेले, माझा ल्योक आला, त्याला कुनी सांगितलं, तुज्या आयनं भरलीया, बस जाऊन... तर? मानसाचा काय भरवसा! म्हनून तिचं लुगडं नेसले, त्वांड झाकलं, तिच्या नावानं रांगेत उभी ऱ्हायले. त्यानं इचारलं, कुनाचं घर? म्या तिचं नाव सांगितलं. तू कोन, हे त्यानं इचारलंच न्हाई."

म्हणजे माझ्या घरावर कुणी हक्क सांगू नये म्हणून ती स्वतःच नाहीशी झाली होती.  मी तिच्या पायाला हात लावला, तर तिनं पाय ओढून घेतले. "हे न्हाई चालत आमच्यात. उठ."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं पंचायतीत गेलो. आक्का आज तिच्या स्वतःच्या पांढऱ्या लुगड्यात. ग्रामसेवक भले माणूस. त्यांनी माझा मोबाईल नंबर घराला जोडून दिला, क्यूआरचा फोटो काढायला लावला. भरल्यावर पावती मोबाईलवर येईल, ती जपून ठेवा, म्हणाले. मी भीतभीत विचारलं, "दुसऱ्यानं भरली तर घर त्याचं होतं का?"

"नाही हो. पट्टी कुणीही भरली तरी घर ज्याचं त्याचंच. पट्टीच्या पावतीनं मालकी ठरत नाही."

"ते कागदात, सायेब," आक्का म्हणाली. "पावती दाखवत दारात बसलेला मानूस तुमी बघितला न्हाई आजून."

साहेब हसले. क्लार्क मात्र हसला नाही. तो मघापासून आक्काकडं बघत होता. मग मला म्हणाला, "आईंची तब्येत बरी हाय न्हवं? मंगळवारी आल्या तवा चष्मा नव्हता. मी इचारलं बी, मावशी, चष्मा कुठाय? तर नुसत्या गप्प."

 मी आक्काकडं बघितलं. ती जमिनीकडं बघत होती.

बाहेर आल्यावर रस्त्यातच मी तिचा हात धरला. "आक्का, हे चष्म्याचं तू आईला सांगितलंस?"

"कवा सांगू? तुझ्या आयकडं फोन कुठाय? तुजा फोन तर ती बाई उचलती. म्या पट्टी भरलेली बी कुनाला बोलले न्हाई." मग तिनंच विचारलं, "का रं?"

मी सांगितलं. आई मंगळवारबद्दल काय म्हणाली, चष्मा घरी विसरले कशी म्हणाली, सगळं. आक्का ऐकत राहिली. उन्हात उभी असून तिनं दोन्ही दंडांवर हात चोळले. मग म्हणाली, "रांगेत हुते तवा येक झालं बग. मला वाटलं, ही पायाखालची जागा माज्या वळखीची हाय. कुटला टेबल, कुटली खिडकी, कोन कुटं बसतं. आनि मी त्या कचेरीत त्याच्या आदी कवाच गेले नव्हते. माजी पट्टी ल्योक भरतो, मोबाईलवर." मग तिनं मान झटकली. "चल. भाकरी थंड हुईल."

पुढं त्यावर आम्ही बोललो नाही. मी आठवी शिकलेला माणूस, मला यातलं काय कळणार? आईचा अंदाज असेल. तिथं चष्म्यावाचून गेलं की कुणीही विचारणारच. असं मी स्वतःला समजावतो. दिवसा ते पटतंही.

सेलमला परतलो. आक्कानं दिलेली पावती आईला दाखवली. तिनं चष्मा लावून बघितली, नावावरनं बोट फिरवलं. मी म्हटलं, "पुढच्या साली मी भरतो गं. इथनंच, मोबाईलवर."

"भर," ती म्हणाली. "मला आता येवढं चालवत न्हाई. येताना लय पाय दुखलं."

या मार्चात मी मोबाईलवर भरली. बटण दाबायच्या आधी आईला बोलावलं, पावती आली ती तिला दाखवली, मग आक्काला फोन केला. तिकडं ती अजूनही रोज आमच्या दारात हिरव्या नाहीतर आकाशी लुगड्यात उभी असते. पण तिचा मुलगा फौजेत आहे, तो तिला आपल्याकडं, उत्तरेकडं न्यायचं म्हणतो. ती नको नको म्हणते, तरी एक दिवस जाईलच. मग आळीतलं शेवटचं घरही बंद होईल.

तिच्यासाठी काय करू, असं मी विचारलं की ती चिडते. पैशाचं नाव काढलं तर फोन ठेवते. म्हणून तिला न विचारताच मी ठरवून ठेवलंय. आक्का, तुझ्या दाराला ज्या दिवशी कुलूप लागेल, त्या दिवसापासून तुझं अंगण मी झाडणार, जिथं असेन तिथनं येऊन. दोरीवर एक कापड तुझं ठेवणार. तुझा मुलगा सीमेवर असला आणि पट्टी राहिली, तर ती तुझ्याच नावानं भरणार, माझ्या नावाचा वासही लागू देणार नाही. तुझं लुगडं काही मला नेसता यायचं नाही. पण आडव्या पदरासारखं उपरणं डोक्यावरनं घेऊन रांगेत उभं राहायला लागलं, तर तेही राहीन.